फुग्यांतली जपानी

परीक्षेच्या आदल्या दिवशी नोबिता रडकुंडीला आला की डोरेमॉन पोटावरच्या खिशातून पाव काढतो. पावाची चकती वहीच्या पानावर दाबायची, अक्षरं तिच्यावर उमटतात, चकती खायची, पान पाठ! नोबिता अधाशासारखा खात सुटतो, पोट बिघडतं आणि केलेला सगळा अभ्यास संडासात वाहून जातो. त्याच खिशात कोन्न्याकुची एक वडीही असते. कोन्न्याकु म्हणजे आपल्या सुरणाच्या कुळातल्या कंदापासून केलेला, बुळबुळीत आणि जवळजवळ बेचव असा जपानी पदार्थ. डोरेमॉनकडची वडी खाल्ली की जगातली कुठलीही भाषा समजते, बोलताही येते.

फुजिको एफ. फुजिओ यांनी डोरेमॉनची ही चित्रकथा शोगाकुकान प्रकाशनाच्या शाळकरी मुलांच्या मासिकांतून जानेवारी १९७०च्या अंकांपासून सुरू केली. २००५पासून तिच्यावरची कार्टून मालिका भारतात हिंदीतून दिसू लागली आणि डोरेमॉन महाराष्ट्रातल्या घरोघरी जाऊन बसला. गंमत अशी की त्याच्या खिशातल्या दोन्ही वस्तू आज फोनमध्ये आहेत. पाठांतर करून घेणारं अ‍ॅप आहे, जपानी पानावर कॅमेरा धरला की अर्थ सांगणारी सोयही आहे. पोट बिघडण्याचा धोकाही तसाच आहे.

जपानी शिकणाऱ्यांत मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणारे किती, हा प्रश्न आता उलटा विचारायला हवा: न वाचणारे किती? जपान फाउंडेशनच्या २०२१च्या पाहणीत १४१ देश-प्रदेशांत मिळून सुमारे ३७ लाख ९० हजार जण संस्थांमधून ही भाषा शिकत होते. का शिकता, या प्रश्नाच्या उत्तरांत मांगा, अ‍ॅनिमे, गाणी यांची ओढ आणि भाषेविषयीचं कुतूहल ही कारणं अगदी वरच्या क्रमांकांवर आली. घरबसल्या, कुठल्याही संस्थेत नाव न घालता शिकणारे या आकड्यात धरलेलेच नाहीत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आणि पेठांमधल्या खाजगी वर्गांत ही भाषा अनेक दशकं शिकवली जाते. तिथल्या एका पिढीने चाकण-रांजणगावच्या कंपन्यांतली नोकरी डोळ्यांसमोर ठेवून जपानी घेतली. आताच्या अनेकांच्या दप्तरात 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक असतं आणि फोनमध्ये 'वन पीस' हा मांगा.

मांगाचा अभ्यासासाठी पद्धतशीर उपयोग करून दाखवला तो अमेरिकेत, अटलांटा शहरात. १९९०मध्ये व्हॉन सिमन्स यांनी 'मांगाजिन' नावाचं मासिक काढलं. त्यात खऱ्या जपानी मांगांची पानं छापत आणि प्रत्येक फुग्यासाठी चार ओळी देत. पहिली ओळ मूळ जपानी, दुसरी रोमन लिपीतला उच्चार, तिसरी शब्दाला शब्द ठेवलेला ओबडधोबड अर्थ आणि चौथी सहज वाचता येईल असा अनुवाद. खरी जादू तिसऱ्या ओळीत होती. तिथे वाक्याचा सांगाडा उघडा पडायचा. कर्ता कुठे गाळला आहे, शेवटच्या एका अक्षराने विनंतीची धमकी कशी झाली, हे दिसायचं. मासिक १९९७मध्ये बंद पडलं. पण त्याच्या संपादकीय कामात असलेल्या वेन लॅमर्स यांनी २००४मध्ये मांगाच्या चौकटी घेऊन जपानी व्याकरणाचं एक पूर्ण पुस्तक लिहिलं, आणि स्पेनमध्ये मार्क बर्नाबे यांनी आपल्या भाषिकांसाठी तसंच काम केलं. इंटरनेट नसताना सुचलेली ती चार ओळींची रचना आजच्या अनेक अ‍ॅपपेक्षा शहाणी होती, असं म्हणायला हरकत नाही.

मांगा शिकणाऱ्याच्या हाताशी इतका येतो, त्यामागे एक छपाईची खुबी आहे. जपानी मजकुरात हिरागाना आणि काताकाना या दोन ध्वनिलिप्या असतात. प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, त्यांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मराठी माणसाला हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णमालेवरूनच बसवला गेला. अडचण आहे ती तिसऱ्या प्रकाराची, कांजी या चित्रलिपीची. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीतच २,१३६ चिन्हं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे एकाहून जास्त उच्चार. मुलांना एवढी चिन्हं येत नसतात, म्हणून 'शोनेन जम्प'सारख्या मुलांच्या साप्ताहिकांत प्रत्येक कांजीच्या उजव्या कुशीला मुंगीएवढ्या हिरागाना अक्षरांत तिचा उच्चार छापतात. याला फुरिगाना म्हणतात. १९६८मध्ये सुरू झालेल्या या साप्ताहिकाच्या एका अंकाच्या १९९४च्या अखेरीस ६५ लाख ३० हजार प्रती निघाल्या होत्या. बारा वर्षांच्या जपानी मुलासाठी केलेली ही सोय परदेशी विद्यार्थ्याच्या आयतीच पथ्यावर पडली. उच्चार कळला की शब्द टंकता येतो, टंकता आला की कोशात सापडतो. प्रौढांच्या मांगांत फुरिगाना क्वचितच असतात; तिथे पहिल्या पानालाच धाप लागते.

आणि लेखकही या मुंगीअक्षरांशी खेळतात. 'होंकी', म्हणजे मनापासून, गंभीरपणे, या अर्थाची कांजी छापायची आणि शेजारी उच्चार द्यायचा 'माजी', म्हणजे तरुण पोरांचं 'खरंच का रे!' डोळा एक वाचतो, कान दुसरं ऐकतो. पाठ्यपुस्तकात हा खोडकरपणा कुठून येणार?

सुरुवात कुठून करावी असं विचारलं तर जगभरचे शिकणारे बहुतेक वेळा एकच नाव घेतात: कियोहिको अझुमा यांची 'योत्सुबातो!'. २००३पासून चाललेली ही मालिका आहे एका पाच वर्षांच्या हिरव्या केसांच्या मुलीची. योत्सुबा, तिला सांभाळणारा बाप आणि शेजारच्या घरातल्या तीन बहिणी. युद्ध नाही, राक्षस नाहीत, मोठं कथानकही नाही. पहिल्या खंडात ती नव्या घरी राहायला येते, पुढच्या एका प्रकरणात लोकांना भेटल्यावर काय म्हणायचं ते शिकते, आणि तिसऱ्या प्रकरणात शेजारी तिला कळतं की एसीमुळे पृथ्वी तापते. मग काय, एसी लावणारे सगळे तिचे शत्रू! 'चिक्यू ओंदान्का', जागतिक तापमानवाढ, हा जडजंबाल शब्द तिच्यासाठीही नवा असतो आणि वाचणाऱ्यासाठीही. घामेजलेले चेहरे, बंद खिडक्या आणि तिचे वटारलेले डोळे, या सगळ्यांतून तो शब्द डोक्यात शिरतो. कोश उघडायच्या आधीच अर्थाचा अर्धा रस्ता चित्राने पार केलेला असतो. चित्रकथेची खरी ताकद हीच. एखादं वाक्य कोणी, कोणाला, कुठल्या तोंडाने म्हटलं, हे पाठ्यपुस्तकाला समजावून सांगावं लागतं. इथे ते समोर दिसतं.

शिवाय भाषा बोलीतली. वर्गात 'ताबेते शिमाइमाशिता' शिकलेला विद्यार्थी पहिल्याच पानावर 'ताबेचात्ता' पाहून गांगरतो. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला पुस्तकात 'मी जात आहे' शिकवावं आणि बसथांब्यावर त्याच्या कानावर 'निघतोय रे' पडावं, तसंच हे. 'देवा'चं 'ज्या' होतं, 'नाई'चं 'ने' होतं, शब्द एकमेकांत विरघळतात. हे सगळं मांगात भरपूर मिळतं. आवाजांचे शब्द तर विचारूच नका: छाती धडधडली की 'दोकी दोकी', चमचमलं की 'किरा किरा', पाऊस बदाबदा कोसळला की 'झा झा', आणि सगळीकडे शांतता पसरली की चौकटीभर 'शीन'. धडधड, चमचम, सळसळ, खदखद यांवर पोसलेल्या मराठी कानाला हे परकं वाटत नाही.

पण याच बोलीत मोठा खड्डा आहे. मांगातली माणसं जशी बोलतात तसं जपानमध्ये सगळे बोलत नाहीत. ओसाका विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुई यांनी २००३च्या पुस्तकात या गोष्टीला 'याकुवारीगो' असं नाव दिलं: पात्राच्या भूमिकेला चिकटलेली भाषा. पांढऱ्या दाढीचा शास्त्रज्ञ स्वतःला 'वाशी' म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी 'जा' लावतो. खरे जपानी प्राध्यापक असं बोलत नाहीत. निंजा 'गोझारू' म्हणतो. नारुतो या मांगानायकाचं 'दात्तेबायो' तर फक्त त्याचंच. 'ओरे' म्हणजे रगेलपणे उच्चारलेला मी, 'किसामा' म्हणजे भांडणातला तू. तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक ज्याच्या हाडीमाशी भिनला आहे त्या मराठी माणसाला यातली जोखीम सांगायला नको. कंपनीच्या मुलाखतीत 'ओरे' म्हणून सुरुवात करणाऱ्या उमेदवाराचं काय होईल ते उघड आहे.

जपानी शिक्षकांनाही याची चांगली ओळख आहे. २००९मध्ये हेबिझो आणि उमिनो नागिको या दोघींनी परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गावर एक चित्रपुस्तक काढलं. उमिनो स्वतः जपानी शिकवणाऱ्या. त्यातल्या एका फ्रेंच बाईंनी याकुझा म्हणजे गुंडांच्या सिनेमांतून जपानी उचललेली असते, आणि त्या वर्गात टोळीवाल्यांच्या थाटात नमस्कार घालतात. पुस्तक इतकं खपलं की दुसऱ्या वर्षी त्यावर दूरचित्रवाणी मालिका आली. यावर उपाय जपान फाउंडेशनच्या कान्साई केंद्राने २०१०मध्ये काढला, आणि तो बंदी घालण्याचा नव्हता. त्यांनी अ‍ॅनिमे-मांगाच्या जपानीचं संकेतस्थळ उघडलं. शाळा, प्रेम, निंजा, सामुराई असे विभाग, आणि एकच वाक्य मुलगा कसं म्हणेल, मुलगी कसं, म्हातारा, खानसामा, ओसाकाचा माणूस कसं, हे आवाजासकट. पात्राची भाषा पात्राची म्हणूनच शिकवायची. त्याच संस्थेच्या 'एरिन' नावाच्या धड्यांत शाळेतले प्रसंग मांगाच्या रूपातही वाचता येतात. संवाद कांजीत पाहा, नुसत्या हिरागानात पाहा किंवा रोमन लिपीत, एका टिचकीचं काम. 'मांगाजिन'च्या चार ओळी पडद्यावर आल्या त्या अशा.

डिजिटल साधनांनी नेमकं काय बदललं, हे समजायला जुना विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा लागतो. कांजीचा उच्चार माहीत नसेल तर तिचा मूळ घटक ओळखायचा, २१४ घटकांच्या तक्त्यात तो शोधायचा, उरलेल्या रेघा मोजायच्या, जाडजूड कोशातलं पान उघडायचं. एका शब्दाला पाच मिनिटं, आणि रेघ मोजण्यात चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातले जिम ब्रीन यांनी १९९१मध्ये संगणकावर वापरता येईल असा जपानी-इंग्रजी कोश मोकळा केला. जेएमडिक्ट या नावाने तो वाढत गेला आणि आज त्यात दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत. शब्दावर माऊस नेला की अर्थ दाखवणारी 'रिकाइचान', 'योमिचान' आणि आताची 'योमितान' ही ब्राउझरमधली साधनं बहुतांशी याच कोशावर उभी आहेत.

मांगा मात्र या सोयीपासून बराच काळ वंचित राहिला, कारण फुग्यातली अक्षरं संगणकाच्या लेखी अक्षरं नव्हतीच. ती चित्रं होती. त्यातही उभी, वाकडी, हाताने काढलेली, शेजारी फुरिगानांची वर्दळ. साधा अक्षरओळख कार्यक्रम इथे हमखास गोंधळायचा. टोकियो विद्यापीठातल्या आइझावा प्रयोगशाळेने ९४ व्यावसायिक चित्रकारांचे १०९ खंड त्यांच्या परवानगीने संशोधनासाठी एकत्र केले. 'मांगा१०९' हा तो संग्रह. त्याच्या आधाराने 'मांगा-ओसीआर' नावाचं मुक्त साधन एका हौशी प्रोग्रामरने तयार केलं. ते उभ्या ओळी वाचतं आणि फुरिगाना बाजूला ठेवून मुख्य मजकूर उचलतं. 'मोकुरो' हे त्याचं भावंड सबंध खंडावर अक्षरांचा अदृश्य थर चढवतं. मग फुग्यावर माऊस न्यायचा, 'योमितान' अर्थ दाखवतं, एक कळ दाबली की तो शब्द, ते वाक्य आणि ती चौकट थेट 'अंकी'च्या उजळणीच्या पत्त्यावर (फ्लॅशकार्डवर) जाऊन बसते. डेमियन एल्म्स यांनी २००६मध्ये आणलेलं 'अंकी' हे पाठांतराचं अ‍ॅप विसरायच्या बेतात असलेला शब्द नेमक्या दिवशी पुढे करतं. चित्रासकट आलेला शब्द जास्त टिकतो हे वापरणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. योत्सुबाचा चेहरा दिसला की शब्द आपोआप तोंडात येतो.

हे सारं ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात पुष्कळांचं असं होतं की पत्ते हजारांनी साठतात आणि गोष्ट बाराव्या पानावर अडकून पडते. सकाळी उजळणी, संध्याकाळी राहिलेली उजळणी. योत्सुबा आणि एसीचं पुढे काय झालं हे विचारायला कुणाला सवड नाही. नोबिताचा पाव तो हाच.

जपानमध्येच याच्या अगदी विरुद्ध टोकाची एक चळवळ आहे: तादोकु, म्हणजे भरपूर वाचणं. त्यासाठी काम करणारी स्वयंसेवी संस्था पायरीपायरीने कठीण होत जाणारी छोटी चित्रपुस्तकं तयार करते आणि त्यांतली बरीच इंटरनेटवर फुकट ठेवते. नियम चारच. सोप्यापासून सुरू करा. कोश उघडू नका. अडलं तर पुढे जा. रुचलं नाही तर पुस्तक खाली ठेवा. यातला कोशाचा नियम ऐकून आपल्याकडचे शिक्षक कपाळाला हात लावतील. पण त्यामागे विचार आहे. वाचन-संशोधक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हिशेबाने मदतीशिवाय सुखाने वाचायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. नवशिक्याने 'वन पीस' उघडला तर हे गणित पार कोसळतं. म्हणूनच 'क्रिस्टल हंटर्स'सारखे मुद्दाम शिकणाऱ्यांसाठी रचलेले मांगा निघाले. तलवारी, जादू, लढाया सगळं आहे, पण शंभराहून अधिक पानांचा पहिला खंड शंभरापेक्षा कमी शब्दांत बसवला आहे.

दोन टोकांमधला मध्यम मार्ग अनुभवी वाचक सांगतात तो असा. प्रकरण आधी एका दमात वाचून काढायचं, कळेल तेवढं कळेल. दुसऱ्या वाचनात कोश, तोही गोष्ट ज्या शब्दावर अडली तेवढ्यासाठीच. पत्ता करायचा तर पाचदहा शब्दांचा. साधन गोष्टीच्या मागे चाललं तर उपयोगी, पुढे चाललं तर गोष्ट मरते.

वाचनापुढची पायरी लिहिण्याची. चार चौकटींची विनोदी पट्टी, योनकोमा, ही यासाठी फार सोयीची. माचिको हासेगावा यांची 'साझाए-सान' १९४६मध्ये सुरू झाली आणि १९७४पर्यंत वर्तमानपत्रांतून चालली ती याच घाटात: आरंभ, विस्तार, कलाटणी, शेवट. शिक्षक चौथी चौकट कोरी ठेवतात किंवा सगळे फुगे पांढरे करतात आणि संवाद मुलांना भरायला लावतात. चित्रकला येत नसली तरी अडत नाही. 'कोमीपो' या २०१०मध्ये आलेल्या जपानी सॉफ्टवेअरमध्ये तयार पुतळे हवे तसे उभे करून पट्टी बनवता येते. कलाटणीच्या चौकटीत 'ओरे' लिहायचं की 'वाताशी' यावर वर्गात वाद झाला, तर त्या वादात व्याकरणाचा एक तास भरून निघतो.

आता कोन्न्याकुची वडी, म्हणजे यंत्रानुवाद. जपानच्या मांगाबाजाराची उलाढाल २०२४मध्ये ७०० अब्ज येनच्या पुढे गेली आणि तिच्यातला बहुतांश वाटा डिजिटल विक्रीचा होता. शुएइशा प्रकाशनाने २०१९मध्ये आणलेल्या 'मांगा प्लस'वर नवी प्रकरणं जपानबरोबरच इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये वाचता येतात. एवढ्या मजकुराला माणसं पुरत नाहीत म्हणून यंत्रानुवाद आला. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी उभारलेली 'मांत्रा' ही कंपनी त्यातलं ठळक नाव. फुगे कोणत्या क्रमाने वाचायचे, कोण बोलतंय, चौकटीत काय दिसतंय, हे यंत्राला लक्षात घ्यायला लावून अनुवाद करण्याचं त्यांचं संशोधन २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्याच 'लांगाकू' या अ‍ॅपवर जपानी मुलं मांगा इंग्रजीत वाचतात आणि अडलं तर फुग्यावर टिचकी मारून जपानी पाहतात. तीच वाट, उलट दिशेने. २०२४मध्ये जपानमधल्या अनुवादकांच्या संघटनेने यंत्राकडून घाऊक मांगा-अनुवाद करून घेण्यावर जाहीर आक्षेप नोंदवला. त्यात पोटापाण्याचा प्रश्न होता हे खरं, पण आक्षेप पोकळ नव्हता.

जपानीत 'किता' एवढंच म्हटलं की झालं. कोण आलं, बाई की पुरुष, एक की अनेक, काहीच त्या क्रियापदात नसतं. मराठीत मात्र आलो, आले, आला, आली यांतलं एक निवडल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. इंग्रजीमार्गे आलेल्या यंत्रानुवादात ही निवड अंदाजपंचे होते आणि पात्राचं लिंग फुग्याफुग्यागणिक बदलतं. शिकणाऱ्याने वडी खावी, पण स्वतःचा अंदाज बांधून झाल्यावर. आणि पानं विकत घेतलेली असावीत. 'मांगामुरा' हे चोरीचं संकेतस्थळ २०१८मध्ये बंद पडलं, त्याच्या चालकाला तुरुंगवास झाला, आणि २०२१पासून जपानमध्ये चोरीचे मांगा उतरवून घेणंही बेकायदा आहे.

इंग्रजीमार्गे जाण्यात मराठी माणसाचा आणखी एक तोटा होतो. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'मिरु' म्हणजेच बघणे. 'ताबेते ओकु' म्हणजे खाऊन ठेवणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. वर आलेलं ते 'ताबेचात्ता' म्हणजे सरळसरळ खाऊन टाकलं. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी आणि नामाला चिकटणारे प्रत्यय, ही सगळी चालच आपली. इंग्रजी कोश मात्र या जोडक्रियापदांना परिच्छेदभर समजावतात, आणि आपली मुलं ते परिच्छेद घोकतात.

जेएमडिक्टमध्ये इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन, डच, हंगेरियन, स्पॅनिश, स्वीडिश आणि स्लोव्हेनियन अर्थही जोडलेले आहेत. स्लोव्हेनियन बोलणारे जगात पंचवीस लाखांच्या आसपास. मराठी त्यात नाही. कोशाचा परवाना मुक्त आहे. श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कोणीही त्यात आपल्या भाषेची भर घालून वापरू शकतो. पुण्यात जपानीचे जाणते शिक्षक आहेत, परीक्षा पार केलेले विद्यार्थी आहेत, संगणकाची जाण असलेली मुलं तर गल्लोगल्ली आहेत. 'योत्सुबातो!'च्या पहिल्या खंडातले शब्द घेऊन त्यांना मराठी अर्थ द्यायला एखाद्या वर्गाला एक सत्र पुरेल. येत्या वर्षी कोणीतरी हे काम हाती घ्यावं.